सेप्टिक टँक भरल्यावरच जाग यावी का? नियम, महापालिका आणि आपले मोहल्ले

घर बांधायला काढले की हॉल केवढा, किचनचा ओटा कुठल्या दगडाचा, जिना आतून की बाहेरून, यावर घरात आठवडाभर चर्चा रंगते. संडासाची टाकी मात्र गवंड्याच्या भरवशावर सोडली जाते. तो दाखवेल तिथे खड्डा, तो म्हणेल तेवढी खोली, वर स्लॅब आणि स्लॅबवर फरशी. पुढे दहा-पंधरा वर्षे त्या टाकीचे नाव निघत नाही. पावसाळ्यात संडासाचे पाणी उतरेनासे झाले किंवा गल्लीत वास सुटला की मग फोनाफोनी सुरू होते.

ही फक्त आपल्या घरांची सवय असती तर समजुतीचे दोन शब्द सांगून विषय संपला असता. पण सरकारी नियमांचीही हीच सवय आहे. नियम टाकीकडे एकदाच बघतो, बांधकाम परवान्याच्या नकाशावर. त्यानंतर ती भरली का, उपसली का, उपसलेला मैला कुठे गेला, हे विचारायला सहसा कुणी येत नाही. कायद्याला पुन्हा जाग येते ती कुणीतरी आत गुदमरून मेल्यावर. मधली सगळी वर्षे रिकामी. आमच्या मते खरा प्रश्न या रिकाम्या वर्षांचा आहे.

टाकी काम कशी करते

सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवायचा खड्डा, असा सर्रास समज आहे. तसे नाही. टाकीत जड मैला तळाला बसतो, तेलकट आणि हलका भाग दुधावर साय धरावी तसा वर तरंगतो आणि मधले पाणी पाईपमधून पुढे शोषखड्ड्यात जाते. तळाचा मैला हवेविना जगणारे जंतू हळूहळू कुजवतात, पण सगळा नाही. गाळ उरतोच आणि दरवर्षी वाढतो. गाळ वाढला की पाण्याला थांबायला जागा राहत नाही. आज सोडलेला मैला आजच पुढे सरकतो. संडास तुंबलेला नसतो, वरून सगळे ठीक दिसते, पण टाकी निकामी झालेली असते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा, असे सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात.

भारतीय मानकानुसार पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर, एवढी टाकी पुरते. म्हणजे साधारण पाच फूट बाय अडीच फूट. मात्र ती दोन वर्षांनी उपसली जाईल असे धरून हे माप दिलेले आहे. आपल्याकडे हिशेब उलटा चालतो. टाकी एवढी मोठी बांधा की जन्मात उपसायला नको! त्यात पैसे वाचवायला तळाला काँक्रीट घालायचे नाही आणि वर "आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही" म्हणून अभिमानाने सांगायचे. जी टाकी कधीच भरत नाही, ती बहुधा गळत असते. ते पाणी आपल्या नाहीतर शेजाऱ्याच्या बोअरकडे निघालेले असते.

दुसरा प्रकार त्याहून सोपा. शोषखड्डा खोदायचाच नाही, टाकीचे आऊटलेट सरळ गटारीला जोडायचे. गटार नाल्याला मिळते, नाला पंचगंगेला. टाकीतून बाहेर पडणारे पाणी डोळ्यांना जरा स्वच्छ दिसले तरी त्यातले रोगजंतू मेलेले नसतात. कोल्हापूरच्या खालच्या अंगाला नदीकाठी इचलकरंजी आहे आणि त्याच्या पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली होती. हजारो लोक आजारी पडले, काहींचे प्राण गेले. त्या साथीचे खापर कुणाच्या एका टाकीवर फोडण्याचा आमचा हेतू नाही. पण ही कावीळ पसरते ती मैला मिसळलेल्या पाण्यातून, आणि गरोदर बायांना तिचा सर्वांत जास्त धोका असतो. पाण्यात मैला मिसळणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला पुस्तकातून शिकायची गरज उरलेली नाही.

पुराचे दिवसही आठवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेले. पुराचे पाणी घरात शिरते तेव्हा ते आधी टाकीत शिरते आणि टाकीतले सगळे घेऊन वर येते. पूर ओसरल्यावर आपण भांडी, गाद्या, धान्य बघतो. टाकी उघडून बघणारे घर क्वचितच सापडेल.

एका गुंठ्यात साठ फूट कुठून आणायचे?

आता नियम काय म्हणतात ते बघू. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट लांब हवा. नियम योग्यच आहे. पण आपले मोहल्ले डोळ्यांसमोर आणा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ३३ फूट बाय ३३ फूट. त्यातही वाटण्या होऊन अर्धा गुंठा उरलेली घरे कमी नाहीत. साठ फूट मोजायला निघालो तर टेप शेजाऱ्याचे घर ओलांडून त्याच्या पलीकडच्या घरात जातो. माझ्या प्लॉटवर मी नियम पाळला तरी शेजाऱ्याच्या बोअरला माझा शोषखड्डा जवळ पडणारच.

म्हणजे हा नियम दाट वस्तीत एकेका घराने पाळण्यासारखा नाही. तो गल्लीने मिळून, आणि गल्लीसाठी महापालिकेने, पाळायचा आहे. एक तर ड्रेनेज लाईन आली पाहिजे, नाहीतर टाक्या पक्क्या असून वेळेवर उपसल्या गेल्या पाहिजेत. तिसरा रस्ता नाही.

जवळून ड्रेनेज लाईन गेली असेल तर घर तिला जोडून घ्या, असा आदेश देण्याचा अधिकार महापालिका अधिनियमाने आयुक्तांना दिलेला आहे. लाईन दारापर्यंत आली असेल तर खर्चाला कचरून टाळाटाळ करू नये, हे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. पण बऱ्याच वस्त्या गुंठेवारीतल्या. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्या नियमित करण्याची वाट काढली, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना ती खुली झाली. तरी कागद पूर्ण नाहीत म्हणून लाईन नाही, लाईन नाही म्हणून टाकी, आणि टाकी नियमात बसत नाही म्हणून पुन्हा नोटिशीची भीती, या चक्रात गरीब घर फिरत राहते.

हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे

कोल्हापूर नगरपालिकेची १९७२ साली महानगरपालिका झाली. तेव्हापासून हद्दवाढीच्या बाजूने आणि विरोधात कितीतरी आंदोलने झाली. शहर मात्र कुणासाठी थांबले नाही. उचगाव, पाचगाव, शिरोली, गांधीनगर या बाजूंना घरे वाढतच गेली. शहरात जागा परवडत नाही म्हणून आपली कितीतरी कुटुंबे तिकडे राहायला गेली आहेत. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण झाले. परवानगी प्राधिकरणाकडे, गटार ग्रामपंचायतीकडे आणि मैला शेवटी सगळ्यांच्या एकाच नदीकडे, असा हा कारभार आहे.

शहरात कसबा बावड्याला ७६ दशलक्ष लिटरचे आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. तिथे पोचते ते पाइपातून किंवा नाल्यातून वाहत आलेले पाणी. टाकीतला गाळ आपण होऊन तिथे जात नाही, तो टँकरनेच न्यावा लागतो. टँकर भरून घराबाहेर पडला की तो कुठे रिकामा होतो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? ओढ्यात, शेतात की प्रक्रिया केंद्रात? पैसे दिले, वास गेला, विषय संपला, असेच आपण धरून चालतो.

आम्ही शिक्षक आहोत. वर्गात मुलांना विचारले, "घरात पाणी कुठून येते?" तर सगळे हात वर होतात. "घरातून पाणी कुठे जाते?" असे विचारले की वर्ग गप्प. एखादा म्हणतो, "सर, खाली." मुलांचा त्यात दोष नाही. मोठ्यांचे उत्तरही याहून फार वेगळे नाही.

माणूस आत उतरवणे हा गुन्हा आहे

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात एका शेतातल्या आखाड्यावर सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. सगळे मुस्लिम, एकमेकांच्या नात्यातले. काही तर विशीच्या आसपासची पोरे. ही बातमी तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस फिरली, "इन्ना लिल्लाहि" लिहिले गेले आणि मग ती खाली सरकली.

असे मृत्यू बहुधा एकाच पद्धतीने होतात. बंद टाकीत विषारी वायू साठलेला असतो. पहिला उतरतो, चक्कर येऊन पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला चुलता. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडची गंमत अशी की प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते. म्हणून "वास येत नाही, उतर" हे वाक्य जीवघेणे आहे.

या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. २०१३ च्या हाताने मैला उपसण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याचे कलम ७ सांगते की सुरक्षेची साधने आणि खबरदारी नसताना कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवता येणार नाही. हे बंधन महापालिकेवर आहे, ठेकेदारावर आहे आणि घरमालकावरही आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. "त्यानेच पैसे ठरवले, तोच उतरला" ही सबब चालत नाही. मजुराला टाकी दाखवणारा हात मालकाचा असतो.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पाचशे-हजार रुपये वाचवायला एखाद्या आईचा मुलगा अंधाऱ्या टाकीत उतरवणे कुठल्या इमानात बसते?

वाईने काय केले

मग उपाय काय? त्यासाठी लांब जायला नको. सातारा जिल्ह्यातल्या वाईकडे बघा. सुमारे ३६ हजार वस्तीचे, कृष्णाकाठचे गाव. तिथेही घरोघरी सेप्टिक टँक, आणि टाकी भरली की नगरपालिकेला फोन, अशीच पद्धत होती. २०१८ पासून नगरपालिकेने ती बदलली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने गावचे भाग पाडले आणि दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसली जाईल असे वेळापत्रक केले. टँकर खासगी ठेकेदाराचा, पण त्याला पैसे नगरपालिका देते, काम बघून. घरमालकाला त्या दिवशी खिशात हात घालावा लागत नाही. खर्चाचा वाटा स्वच्छता कर म्हणून मालमत्ता करासोबत थोडा थोडा जमा होतो. मैल्यासाठी वेगळे प्रक्रिया केंद्र उभारले. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हीच वाट धरली.

यातली खरी गोष्ट टँकर नाही, वेळापत्रक आहे. कचऱ्याची घंटागाडी रोज येते म्हणून आपण कचरा साठेपर्यंत थांबत नाही. तशी टाकीची फेरी ठरली की कुणाला तक्रार करावी लागत नाही, ठेकेदाराला अडवून पैसे मागता येत नाहीत आणि माणूस आत उतरवायची वेळ येत नाही, कारण तीन वर्षांचा गाळ ओला असतो, पाईपने ओढला जातो. पंधरा वर्षांचा गाळ दगडासारखा होतो. मग फावडे आणि माणूस लागतो. वेळापत्रक चुकले की माणसाचा जीव पणाला लागतो, तो असा.

केंद्र सरकारचे २०१७ चे मैला व्यवस्थापन धोरणही हेच सांगते. कोल्हापूरला तर वाईसारखे नवे केंद्र उभारण्याआधी दुसरा मार्ग तपासता येईल. हाताशी असलेल्या प्रक्रिया केंद्रावर टँकर रिकामा करायची ठरलेली जागा करता येते. टाकीचा गाळ साध्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पटींनी दाट असतो, म्हणून तो मोजून-मापून सोडावा लागतो, एवढी काळजी घ्यायची.

एक खरी भीती

इथे एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. टाक्यांचा सर्व्हे म्हटले की आपल्या मोहल्ल्यांत दारे बंद होतात. आज टाकी मोजायला आलेला माणूस उद्या वाढीव खोली मोजेल, परवा नोटीस येईल आणि नंतर जेसीबी. गेल्या काही वर्षांतल्या बातम्या बघता ही भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बजावावे लागले की, रस्ता, फुटपाथ, नदी अशा सार्वजनिक जागा सोडल्या तर १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय पाडकाम करता येणार नाही.

पण भीतीपोटी दार बंद ठेवले तर नुकसान आपल्याच मुलाबाळांचे होते. म्हणून मागणी नेमकी हवी. टाकीच्या नोंदीचा उपयोग फक्त उपसण्याच्या फेरीसाठी व्हावा, अतिक्रमणाच्या कारवाईसाठी नाही, हे महापालिकेने लेखी जाहीर करावे. आणि नियम दंडापासून सुरू न होता सेवेपासून सुरू व्हावा. आधी तीन वर्षांची एक फेरी पूर्ण करा, मग जो टाकी उघडूच देत नाही त्याला दंड करा. नाहीतर मोठ्या बंगल्यात टँकर जाईल आणि सहा फुटी बोळात फक्त नोटीस येईल.

मागायचे काय, करायचे काय

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर कितीतरी वर्षे शहराला नगरसेवकच नव्हते. गटारीची तक्रार घेऊन जायचे कुणाकडे, हा प्रश्न होता. आता जो कुणी मोहल्ल्यात मत मागायला आला असेल किंवा येईल, त्याला कमान आणि पेव्हिंग ब्लॉकच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात. घरफाळ्याच्या नोंदीत टाकीची नोंद होणार का? गल्लीनिहाय फेरी कधीपासून? अरुंद बोळांसाठी छोटी गाडी किंवा लांब पाईप मिळणार का? टँकर कुठे रिकामा झाला याची पावती घरमालकाला मिळणार का? प्राधिकरणातल्या गावांनी हेच प्रश्न ग्रामसभेत मांडावेत. एकेका ग्रामपंचायतीला टँकर परवडणार नाही, चार गावांना मिळून परवडेल.

घरफाळा वाढेल म्हणून काही जण नाराज होतील. त्यांनी एवढाच हिशेब करावा की अडचणीच्या दिवशी टँकरवाला सांगेल तो दर, आणि काविळीच्या पेशंटचा दवाखान्याचा खर्च, हाही करच आहे. फक्त त्याची पावती मिळत नाही. लहान घरांना सवलत मिळावी, ही मागणी मात्र जरूर लावून धरावी.

आपल्या हातातलेही काही आहे. मस्जिद, मदरसा आणि शादीखान्याच्या टाक्या घरापेक्षा कितीतरी पटींनी वापरल्या जातात, रमजानमध्ये तर विचारू नका. ट्रस्टींनी त्या शेवटच्या कधी उपसल्या याची तारीख दप्तरात लिहावी आणि वुजूच्या बोअरचे पाणी वर्षातून एकदा तपासून घ्यावे. वुजूचे पाणीच जर शेजारच्या टाकीचे असेल, तर पाकी कसली? लोकांच्या वाटेवर, सावलीत आणि पाणवठ्यावर घाण करू नये, अशी सक्त ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिलेली आहे. आपली टाकी गटारीला सोडणारा माणूस वाटेवर आणि पाणवठ्यावर एकाच वेळी घाण करत असतो. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी हा मसला एकदा घ्यावा, अशी आमची विनंती आहे.

घरात शेवटी एवढे करा. टाकीचे झाकण फरशीखाली गाडू नका, ते उघडता येईल असे ठेवा. व्हेंट पाईप चालू आहे का बघा, त्यावर जाळी लावा. झाकण उघडल्यावर जवळ बिडी-काडी नको, पोरांना लांब ठेवा. टाकी उपसायला मशीनची गाडीच बोलवा. गटार आणि सेप्टिक टँकसाठी १४४२० ही हेल्पलाइन आहे, तो नंबर घरात लिहून ठेवा. आणि देव न करो, कुणी आत पडलाच तर त्याच्यामागे उतरू नका. १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा. मग आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आपली टाकी शेवटची कधी उपसली होती? उत्तर कुणालाच आठवत नसेल, तर सुरुवात आपल्याच घरापासून करायची आहे.